अर्धी बंदूक, पुरी बंदूक

११ एप्रिल २०२२, सोमवार. व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी पिस्तुलाचे सुटे भाग हातात घेऊन पत्रकारांना दाखवले आणि घरच्या घरी हे जुळवणे किती सोपे आहे ते सांगितले. जत्रेतला विक्रेता मिक्सरची भांडी जोडून दाखवतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे दाखवणाऱ्याला माल खपवायचा नव्हता, बंद करायचा होता.

व्याख्यानमालेत बंदुकीचा विषय जरा विजोड वाटेल. पण आजचा विषय बंदुकीपेक्षा शब्दांचा अधिक आहे. बायडेन यांच्या हातात होती ती बंदूक होती की नव्हती, या प्रश्नावर अमेरिकेचे सरकार, कारखानदार आणि न्यायालये पुढची तीन वर्षे भांडली. त्या भांडणाची बीजे ज्या एका वर्षात रुजली, ते २०२२. कायदा, राजकारण आणि शस्त्ररचना या तिन्ही अंगांनी इतके काही एकाच वर्षात घडल्याची उदाहरणे थोडी आहेत.

मराठी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्याला ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त’ ही ओळ पाठ असते. कट्टा जन्मापासूनच बेकायदा असतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बनवता येत नाही, विकता येत नाही, बाळगताही येत नाही. अमेरिकेत तसे नाही. स्वतःपुरती साधी बंदूक घरी बनवायला तिथल्या संघराज्याच्या कायद्याची मनाई नाही. विकणाऱ्या व्यावसायिकाला परवाना लागतो, दुकानात गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासली जाते, बंदुकीवर क्रमांक कोरावा लागतो. पण हे सारे ‘बंदूक’ विकली तर.

आणि बंदूक म्हणजे काय? १९६८ च्या कायद्याने उत्तर दिले की अख्खी बंदूक तर बंदूक आहेच, पण तिचा मुख्य सांगाडाही, म्हणजे ‘फ्रेम’ किंवा ‘रिसीव्हर’ही, बंदूकच. नळी, दस्ता, चाप वगैरे खुशाल टपालाने मागवा; सांगाडा मात्र परवानाधारक दुकानातूनच घ्यायचा. हा सांगाडा ओळखायचा कसा, ते नियमावलीत लिहिले होते: हातोडी, बोल्ट आणि गोळी झाडण्याची यंत्रणा ज्यात बसते तो भाग. जुन्या धाटणीच्या शिकारी रायफलीला ही व्याख्या चपखल बसे. घोटाळा झाला तो एआर-१५ मुळे. ही रायफल दोन अर्ध्यांची असते. वरच्या अर्ध्यात बोल्ट आणि नळी, खालच्या अर्ध्यात हातोडी आणि चाप. म्हणजे नियम शब्दशः वाचला, तर देशातल्या सर्वांत लोकप्रिय रायफलीत कायद्याला अभिप्रेत असलेला सांगाडा कुठेच नव्हता! एटीएफने (दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटके या चारही गोष्टी एकाच खात्याच्या पदरात घालणाऱ्या अमेरिकी व्यवस्थेचे कौतुक करावे तेवढे थोडे) खालच्या अर्ध्याला बंदूक मानून कित्येक दशके गाडा रेटला. शेवटी आरोपींच्या वकिलांनी नियमाची ओळ बोट ठेवून वाचून दाखवली आणि काही संघीय न्यायाधीशांना मान डोलवावी लागली.

याच फटीतून ‘ऐंशी टक्के’वाला माल बाजारात आला. हा माल जवळून पाहण्यासारखा आहे. हातात घेतला तर एआर-१५ चा खालचा अर्धा भागच. मॅगझिनची खाच आहे, मुठीची जागा आहे. पण मधोमध जिथे चाप आणि हातोडी बसायची, तिथे पोकळीऐवजी भरीव ॲल्युमिनियम. पिनांची भोके पाडलेली नाहीत. उरलेले काम गिऱ्हाइकाने करायचे, आणि ते कुठे करायचे ते दाखवणारा साचा बहुधा सोबतच मिळे. पिस्तुलाच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यात तर एवढीही मेहनत नव्हती. चार फालतू कडा घासून काढल्या, भोके पाडली, की काम झाले. ‘ऐंशी टक्के’ हे कायद्यातले माप नव्हतेच. ते विक्रेत्यांनी रूढ केलेले नाव. क्रमांक नाही, नोंद नाही, तपासणी नाही. गुन्ह्यानंतर पोलिसांच्या हाती बंदूक लागे, पण ती कुठून आली ते सांगणारे तिच्यावर काहीच नसे. म्हणून ‘घोस्ट गन’, भुताची बंदूक. २०२१ मध्ये तपासात सापडलेल्या अशा सुमारे २० हजार संशयित बंदुका एटीएफला कळवल्या गेल्या. २०१६ च्या मानाने ही संख्या दसपट होती.

बायडेन यांनी जाहीर केलेला नियम २४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला. त्याने सांगाड्याची व्याख्या नव्याने लिहिली, आणि सहज पुरे करता येणारे अर्धवट भाग व संचही तिच्यात घेतले. कंपन्या कोर्टात गेल्या. ते प्रकरण पुढे येईलच.

कायदा आणि बंदूक यांच्यात उंदीर-मांजराचा खेळ चालतो असे म्हणतात. प्रस्तुत वक्त्याला तो खेळ शिंप्याच्या दुकानासारखा अधिक वाटतो. कायदेमंडळ माप देते आणि अभियंता त्या मापात बसणारा कपडा शिवून देतो, अगदी बोटभरही जास्त नाही. कायद्याने बंदूक थांबते की नाही यावर वाद चालू राहील. तिचा आकार मात्र कायद्याने बदलतो, हे कुठल्याही अमेरिकी बंदुकीच्या दुकानात नुसते कपाटाकडे पाहिले तरी कळते.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्या. सुटे होणारे मॅगझिन आणि आणखी काही वैशिष्ट्ये असलेल्या रायफलींवर त्या राज्याने बंदी घातली. मग मॅगझिन ‘सुटे होणारे नाही’ असे केव्हा म्हणायचे? ते काढायला हत्यार लागत असेल तेव्हा. त्यातच नियमात असेही लिहून ठेवले होते की काडतुसालाही हत्यार मानले जाईल. मराठीत ‘हत्यार’ शब्द पाना-पेचकसालाही चालतो आणि तलवारीलाही. कॅलिफोर्नियाच्या नियमकर्त्यांनी ही सोय नकळत इंग्रजीतही करून दिली. लगेच रायफलींवर बटणाच्या जागी एक बारीक भोक आले. काडतुसाचे टोक त्यात खुपसले की मॅगझिन खाली पडते. ‘बुलेट बटन’ या नावाने ते वर्षानुवर्षे विकले गेले, आणि २०१६ मध्ये कायद्याने ती वाट बुजवली.

दुसरे उदाहरण आखूड नळीचे. १९३४ मध्ये मशिनगन आणि आखूड नळीच्या रायफली-शॉटगन यांवर २०० डॉलरचा कर आणि सक्तीची नोंद आली. मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती. रायफलीची नळी कापून कोणी तिचे पिस्तूल करू नये, म्हणून आखूड रायफलींचे कलम घातले होते. पुढे मसुद्यातून पिस्तुले गळाली. ते कलम मात्र राहिले. दार नेले, कडी तेवढी राहिली. त्या कडीला २०१२ च्या सुमारास एक नवी किल्ली सापडली: मनगटाला बांधायचा पट्टा, म्हणजे ‘ब्रेस’. दिव्यांग माजी सैनिकाला एआर जातीचे वजनदार पिस्तूल एका हाताने झाडता यावे, हा त्याचा मूळ हेतू, आणि तो प्रामाणिक होता. या पट्ट्याने पिस्तुलाची रायफल होत नाही, असे पत्र एटीएफने दिले. पुढे लाखोंनी पट्टे खपले, आणि ते मनगटाला बांधण्याऐवजी खांद्याला टेकवले जाऊ लागले. २०२२ भर यावरचा नियम मसुद्यात रखडला होता. जानेवारी २०२३ मध्ये तो अंतिम झाला आणि २०२४ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने रद्द केला.

हे सारे एरवी तज्ज्ञांपुरते, काहीसे विनोदीही राहिले असते. पण १४ मे २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या सुपरमार्केटमध्ये अठरा वर्षांच्या एका तरुणाने दहा जणांना ठार केले. दहा दिवसांनी, २४ मे रोजी, टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावातल्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तोही हल्लेखोर अठराचाच. अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच त्याने एआर जातीच्या दोन रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. १९६८ च्या कायद्याप्रमाणे दुकानातून पिस्तूल घ्यायला एकविसावे वर्ष पुरे लागते, रायफलीला अठरावे. कायद्यात काय पिस्तूल आणि काय रायफल, या प्रश्नाचे उत्तर इथे वर्गखोलीत मिळाले. टेक्सास विधिमंडळाच्या समितीने जुलैमध्ये मोजदाद केली तेव्हा कळले की घटनास्थळी एकूण ३७६ पोलीस आणि अधिकारी आले होते, आणि हल्लेखोराला संपवायला त्यांना सव्वा तासाहून अधिक वेळ लागला होता.

त्यानंतर राजकारण हलले, आणि हेच नवल. २०१२ च्या सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतरही पूर्वतपासणीचे विधेयक सिनेटमध्ये ५४ मतांवर अडकले होते. ६० लागत होती. या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाचे ख्रिस मर्फी आणि टेक्सासचेच रिपब्लिकन जॉन कॉर्निन वाटाघाटींना बसले. १७ जूनला ह्यूस्टनमध्ये कॉर्निन स्वतःच्या पक्षाच्या राज्य अधिवेशनात बोलायला उभे राहिले, तेव्हा प्रतिनिधींनी हुर्यो उडवली. तरी तडजोड टिकली. तिच्यात रायफलीसाठी वय वाढवणे नव्हते, सर्व विक्रीला तपासणी नव्हती, रायफलबंदी तर नव्हतीच. होते ते असे: एकवीसखालच्या गिऱ्हाइकाची जास्त सखोल तपासणी आणि त्यासाठी कामकाजाचे दहा दिवसांपर्यंत थांबण्याची मुभा, दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणे हा स्वतंत्र संघीय गुन्हा, लग्न न झालेल्या जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्यालाही बंदूक बंद, पण पहिलाच गुन्हा असेल तर पाच वर्षांनी पुन्हा मोकळीक, आणि धोकादायक व्यक्तीची बंदूक न्यायालयाच्या हुकमाने तात्पुरती काढून घेण्यासारख्या योजनांसाठी राज्यांना ७५ कोटी डॉलर. १९९४ च्या रायफलबंदीनंतर, म्हणजे जवळजवळ तीन दशकांत, संघराज्याच्या पातळीवर एवढाही कायदा झाला नव्हता.

२३ जूनच्या रात्री सिनेटने ते विधेयक ६५ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर केले. पंधरा रिपब्लिकन सोबत आले, त्यांत पक्षनेते मिच मॅक्कॉनेलही. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृह, २५ जूनला राष्ट्राध्यक्षांची सही.

पण त्याच २३ जूनच्या सकाळी, सिनेटच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर, सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ निकाल दिला होता. एकाच दिवशी, एकाच टेकडीवर, एकच दोर विरुद्ध दिशांनी ओढला जात होता.

निकाल ज्या कायद्यावर आला तो १९११ चा. न्यूयॉर्कमधल्या टॅमनी हॉल या राजकीय गटाचे पुढारी ‘बिग टिम’ सुलिव्हन यांच्या नावाने तो ओळखला जातो. १९१० मध्ये शहराचे महापौर विल्यम गेनर यांच्यावर गोळी झाडली गेली. जानेवारी १९११ मध्ये डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स हा कादंबरीकार ग्रामर्सी पार्कजवळ मारला गेला. त्या हवेत हा कायदा आला. पिस्तूल लपवून बाळगायला परवाना हवा; आणि १९१३ च्या दुरुस्तीनंतर, परवान्यासाठी ‘योग्य कारण’ही दाखवायला हवे. नुसते स्वसंरक्षण हे योग्य कारण नव्हे, इतरांहून वेगळी अशी गरज सिद्ध करा, असा अर्थ पुढे रूढ झाला. भारतीय श्रोत्याला यात काहीच नवल वाटणार नाही. आपल्याकडेही पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी अर्जदाराला कारण विचारतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. आपल्याकडे बंदूक ही सवलत आहे. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने तो हक्क मानला आहे. आणि न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांचा प्रश्न हाच होता, की घटनेतला हक्क बजावायला नागरिकाने अधिकाऱ्यापुढे गरज का सिद्ध करावी? सहा विरुद्ध तीन मतांनी ‘योग्य कारण’ बाद झाले. ज्यांच्या नावाने हा निकाल अजरामर झाला ते केव्हिन ब्रुएन राज्य पोलिसांचे प्रमुख होते, आणि निकालाच्या कितीतरी आधी पद सोडून गेले होते.

न्यूयॉर्कसारखे कायदे आणखी पाच राज्यांत होते. त्यात न्यू जर्सीही. एडिसन परिसरात गणपती बसवणाऱ्या मराठी घरांच्या राज्यात पिस्तुलासाठी ‘समर्थनीय गरज’ दाखवावी लागे. ती अट निकालाच्या दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने मागे घेतली. न्यूयॉर्कने १ जुलैला घाईघाईने नवा कायदा केला. कारण विचारता येत नाही ना, मग जागाच मर्यादित करू, असा त्याचा सूर. शाळा, उद्याने, प्रार्थनास्थळे, भुयारी रेल्वे अशा ‘संवेदनशील जागां’ची भलीमोठी यादी आली. तिच्यात टाइम्स स्क्वेअरही होता, आणि सप्टेंबरपासून तिथल्या खांबांवर ‘बंदूकमुक्त क्षेत्र’ असे फलक झळकू लागले.

पण ब्रुएन निकालाचा खरा धक्का पिस्तुलाच्या परवान्याला नव्हता. न्यायाधीशांनी बंदुकीचा कायदा तपासायचा कसा, ती फूटपट्टीच थॉमस यांनी बदलली. सार्वजनिक सुरक्षेला उपयोग किती आणि हक्कावर गदा किती, असा तोल पाहायचा नाही. आजचा निर्बंध देशाच्या शस्त्रनियमनाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का, तेवढेच पाहायचे. खुद्द निकालपत्र १३२८ च्या इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या कायद्यापर्यंत मागे जाते. निवृत्तीला आठवडा उरलेले न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी विरोधी निकालपत्राची सुरुवातच २०२० मधल्या ४५,२२२ बंदूकबळींच्या आकड्याने केली, आणि न्यायाधीश काही इतिहासकार नव्हेत, अशीही तक्रार मांडली.

ती तक्रार चार महिन्यांत खरी ठरू लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मिसिसिपीचे संघीय न्यायाधीश कार्लटन रीव्ह्ज यांनी दोन्ही पक्षांना विचारले, की या खटल्यात कोर्टाने इतिहासकाराची नेमणूक करावी का? त्याच महिन्यात वेस्ट व्हर्जिनियात एका न्यायाधीशाने, क्रमांक खोडलेली बंदूक बाळगणे हा गुन्हाच घटनाबाह्य ठरवला. कारण सरळ: १७९१ मध्ये बंदुकांवर क्रमांक टाकण्याची सक्तीच नव्हती. तर्काला तर्क म्हणून खोट काढता येत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये सरकार भुताच्या बंदुकांवर क्रमांक घालायला निघाले होते, आणि ऑक्टोबरमध्ये एक न्यायालय क्रमांक खोडलेली बंदूक बाळगण्याला हक्क म्हणत होते. (वरच्या न्यायालयाने २०२४ मध्ये तो निकाल फिरवला.)

हा इतिहासाचा हट्ट कुठवर जातो, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसले. घरगुती हिंसाचारामुळे न्यायालयाने ज्याला जोडीदारापासून दूर राहायला बजावले आहे, अशाला बंदूक बाळगू न देणारा कायदा एका अपील न्यायालयाने रद्द केला. अठराव्या शतकात तसा कायदा नव्हता म्हणून. बायको ही त्या शतकात कायद्याला कितपत दिसत होती, हा प्रश्न कोणी विचारायचा? जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो निकाल उलटवला. विरोधातले एकमेव मत थॉमस यांचे होते.

या सगळ्या निकालांच्या मागे एक इमारत आहे, तिच्याकडे फार कोणी पाहत नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी एटीएफचे शोधकेंद्र आहे. गुन्ह्यात सापडलेली बंदूक मूळ कोणी घेतली, ते इथून शोधतात. १९८६ च्या कायद्याने संघराज्याला बंदूकमालकांची नोंदवही करायला मनाई आहे. त्यामुळे बंद पडलेल्या दुकानांची कागदपत्रे खोक्यांतून इथे येतात, त्यांची छायाचित्रे काढली जातात. पण नाव टाकून शोधता येईल अशी व्यवस्था करायची नाही. कर्मचारी पडद्यावर पाने उलटत बसतात. खोक्यांच्या वजनाने मजले खचतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा ती बाहेर मालवाहू कंटेनरांत ठेवावी लागली. आपल्या तलाठी कार्यालयातल्या दप्तराची आठवण यावी असे हे दृश्य. या खात्याला २०१५ पासून कायम प्रमुख नव्हता; १२ जुलै २०२२ रोजी सिनेटने स्टीव्ह डेटलबाक यांची नेमणूक ४८ विरुद्ध ४६ मतांनी मान्य केली, तेव्हा कुठे ती खुर्ची भरली.

आता भुताच्या बंदुकीकडे. तो खटला ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला, आणि चर्चा स्वयंपाकघरात शिरली. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी विचारले, की अंडी, चिरलेला हॅम, मिरची, कांदा ओट्यावर ठेवला तर त्याला ऑम्लेट म्हणायचे का? न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी तयार जिन्नसांच्या संचाचा दाखला पुढे केला. आपल्याकडच्या न्यायालयात हा प्रश्न बहुधा इडलीच्या तयार पिठावर निघाला असता. मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी नियम टिकला. निकाल लिहिला तो नील गोर्सच यांनी, आणि ते काही सरकारचे लाडके न्यायमूर्ती नव्हेत. त्यांनी दाखला दिला एका संचाचा. तो कधीही न हाताळलेल्या माणसाने साध्या अवजारांनी २१ मिनिटांत त्याचे चालते पिस्तूल करून दाखवले होते. तो संच विकणाऱ्या पॉलिमर८० या कंपनीने तोवर शटर ओढलेले होते.

बंदूक घरी बनवण्याची गोष्ट २०२२ मध्ये अमेरिकेपुरती राहिली नाही. ८ जुलैला जपानच्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर जी झाडली गेली, ती टेपने एकत्र बांधलेल्या दोन नळ्यांची होती. तिला नेहमीच्या अर्थाने सांगाडा असा नव्हताच.

आणि अगदी उलट टोकाला, त्याच वर्षी, अमेरिकी लष्कराने आपली नवी रायफल निवडली. १९ एप्रिलला सिग सॉअर कंपनीला दहा वर्षांचा करार मिळाला. पहिली मागणी २ कोटी ४ लाख डॉलरची. व्हिएतनामपासून चालत आलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या गोळीऐवजी ६.८ मिलिमीटरची गोळी आली. चिलखत भेदायचे तर वेग हवा, वेगासाठी दाब हवा, आणि या काडतुसातला दाब चौरस इंचाला ८० हजार पौंडांपर्यंत जातो. एवढ्या दाबाखाली पितळेचे बूड टिकत नाही. म्हणून काडतुसाचे अंग पितळेचे आणि बूड पोलादाचे केले. मुठीएवढ्याही नसलेल्या वस्तूत दोन धातूंचा सांधा. गोळीच्या इतिहासात एवढा मोठा बदल सहसा होत नाही. कंपनीने त्याच रायफलीची नागरी आवृत्ती लष्करी करार होण्याच्या आधीच, जानेवारीत, जाहीर केली होती.

लष्कराने रायफलीचे नाव एक्सएम५ ठेवले. मग लक्षात आले की एम५ हे नाव कोल्ट कंपनी आपल्या रायफलीला आधीपासून वापरते आहे. जानेवारी २०२३ मध्ये जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्कराने निमूटपणे पाच खोडून सात केले.